द्वारपालाचं एकच वाक्य

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

आजपासून माझं तोंड बंद. मोहोपाड्याच्या घशाच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून मला माझाच गळा पडद्यावर दाखवला. दोन्ही बाजूंना तांदळाच्या कणीएवढ्या गाठी. सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, ते म्हणे बोलण्यापेक्षा वाईट. वर्गात मोठ्याने वाचन तर दिवाळी होईपर्यंत विसरायचं. ऐकलं नाही तर शस्त्रक्रिया, आणि मग आवाज पहिल्यासारखा येईलच असं नाही.

मी विचारलं, आणि नाटक? डॉक्टर म्हणाले, हा तुमचा शेवटचा प्रश्न.

सत्तावीस वर्षं मी नववीला 'संगीत राजमुद्रा' वाचून दाखवते आहे. शंभर वर्षांपूर्वीचं नाटक. पुस्तकात त्यातला एकच प्रवेश आहे, पण मी शनिवारच्या सकाळच्या शाळेत पाचही अंक वाचते. राजमुद्रा चोरल्याचा आळ घेऊन राजा वीरसेन राणीला हाकलून देतो, ती आश्रमात राहून मुलगी वाढवते, तिचं लग्न लावते आणि शेवटी नाव न सांगता राजवाड्याच्या दारात येऊन उभी राहते. राजा तिला आवाजावरून ओळखतो. राजा मी, राणी मी, प्रधान, दासी, ऋषी, सगळे मीच. पदंसुद्धा मीच म्हणते, मला येतील त्या चालींत. आमच्या चौक गावच्या नाक्यावर कोणीही जुना विद्यार्थी भेटला की विचारतो, बाई, अजून राजा करता का?

येताना रिक्षात ह्यांचा चेहरा फार गंभीर होता. घरी आल्यावर टीव्हीचा आवाज वाढवला आणि मी काही म्हणाले नाही. म्हणता येत नव्हतं.

बुधवार, ६ ऑगस्ट

कमलेशने ऑफिसात बोलावलं. कमलेश म्हणजे आमचे प्रभारी मुख्याध्यापक. सन दोन हजारला माझ्याच नववीत होता, तिसऱ्या बाकावर, कडेला. आता केस पांढरे व्हायला लागलेत आणि मला बसा म्हणतो.

त्याचं म्हणणं असं. सव्वीस सप्टेंबरला विस्तार अधिकारी शाळा बघायला येणार. दोन वर्षांपूर्वी देणगीत मिळालेलं डिजिटल पॅनेल आपण वापरतो का, हे त्यांना बघायचं आहे. आम्ही ते आजवर स्वातंत्र्यदिनाच्या गाण्यांपुरतं वापरलं, एरवी त्यावर आमच्या शिवण शिकवणाऱ्या बाईंनी शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर असतं. तर मी नाटक त्या पॅनेलवर शिकवून दाखवावं. नाही जमलं तर दिवाळीनंतर नववीचं मराठी हर्षलाकडे, आणि मी ग्रंथालय सांभाळायचं. तुमच्या घशाला आरामही मिळेल, बाई, असं वर म्हणाला.

बोलण्याऐवजी जवळ ठेवलेल्या पाटीवर मी लिहिलं, 'मी अजून मेलेले नाही.' त्याने वाचलं आणि म्हणाला, अक्षर अजून तसंच आहे.

हर्षला म्हणजे आमची नवी शिक्षिका. पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. तिला यायला दोन वर्षंही झाली नाहीत. संध्याकाळी निघताना तिने माझ्या पर्समध्ये ज्येष्ठमधाची पुडी सरकवली. नववी हवी असेल तर माणूस ज्येष्ठमधसुद्धा देतो. मी चघळतेय, चांगला आहे.

मंगळवार, १२ ऑगस्ट

पहिला डिजिटल तास. शेहेचाळीस स्लाइड केल्या. राजवाडे, मुकुट, नाटकाचा इतिहास, पात्रपरिचय, प्रत्येक पात्राचे पाच गुण. हर्षलाने चित्रं चिकटवणं शिकवलं. शनिवार-रविवार घरी येऊन बसली. मध्येच विचारत होती की बाई, इतक्या स्लाइड मुलांना झेपतील का. म्हणजे आतापासूनच उणंदुणं काढणं सुरू.

तास उत्तम झाला. पडदे ओढले, पंखा पूर्ण सोडला, मी एकेक स्लाइड पुढे सरकवत गेले. वर्गात इतकी शांतता मी सत्तावीस वर्षांत अनुभवली नव्हती. मुलं अगदी तल्लीन झाली होती. ऋषिकेशला तर तास संपल्याचं हलवून सांगावं लागलं, इतकी त्याची तंद्री लागली होती.

सोमवार, १८ ऑगस्ट

एक मोठी गोष्ट सापडली. करोनात शाळा बंद होती तेव्हा मी नाटक व्हॉट्सॲपवर आवाजाच्या तुकड्यांतून पाठवलं होतं. जुना फोन कपाटात होता. चार्ज केला, उघडला, पहिला अंक आणि अर्धा दुसरा अंक त्यात जसाच्या तसा. माझा आवाज, दणदणीत, मागे कुकरच्या शिट्ट्या. ऐकून डोळ्यांत पाणी आलं. किती छान वाचत होते मी.

हर्षलाने ते पॅनेलला जोडून दिलं. म्हणजे मी वर्गात उभी आणि माझाच आवाज भिंतीवरून येतोय. मुलं लक्ष देऊन बघत होती. पण बघत होती ती माझ्या मागे. वळले तर ऋषिकेश माझी ओढणी समजून खिडकीचा पडदा खांद्यावर घेऊन, माझ्या आवाजावर हुबेहूब ओठ हलवत होता. राजाला संताप येतो तिथे मी चष्मा वर करते, तेसुद्धा त्याने केलं. त्याला चष्मा नाही.

ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. पाटीवर 'उभा राहा' लिहिलं. तो उभाच होता. आणखी वाईट गोष्ट म्हणजे आवाजाचा तुकडा संपल्यावरही त्याचे ओठ हलत राहिले, कारण पुढचंही त्याला पाठ होतं. अख्खा पहिला अंक पाठ. हा मुलगा निबंधात चार ओळी लिहीत नाही. शिक्षा काय द्यावी ते ठरत नाही.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

जुन्या फोनमधला माझा आवाज दुसऱ्या अंकाच्या मध्यावर संपला. पुढचे तुकडे कुठेच नाहीत. मी नाइलाजाने पुस्तकाचं पान पॅनेलवर मोठं करून लावलं आणि 'मनात वाचा' असं लिहिलं.

पाच मिनिटं कोणी हललं नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी वाचायला लागलं, राणीचं भाषण. बघते तर ऋतिका. ऋतिकाने दोन वर्षांत वर्गात तोंड उघडलेलं नाही. आठवीत एकदा वाचायला उभं केलं होतं, 'नाही'ला 'नाय' म्हणाली. मी सुधारलं. पुन्हा 'नाय', पुन्हा सुधारलं, असं सहा-सात वेळा. शुद्ध बोलणं घोटल्याशिवाय येत नाही. तेव्हापासून ती वाचायला उठत नाही. स्वभावच लाजरा.

आज तिने वाचलं ते सगळं तिच्या बोलीत. 'मी मुद्रा घेतली नाय महाराज, आन् घेतली असती तर तुमाला भ्याले नसते.' मी चुका कागदावर टिपायला घेतल्या. एक चूक लिहीपर्यंत ती चार ओळी पुढे. मग ऋषिकेश राजा म्हणून तिला उत्तर द्यायला उठला, तिसरा कोणी प्रधान झाला, आणि मी अठरा चुका लिहिल्या तोवर माझा कागद आणि त्यांचा अंक एकदमच संपला.

कागद कोणाला द्यायचा तेच कळेना. पर्समध्ये ठेवलाय. गोंधळाचा तास झाला, पण ऋतिकाचा आवाज चांगला आहे. आधी का नाही वाचलं या मुलीने?

सोमवार, ८ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी संपली. सुट्टीत मुलांनी माझ्या परवानगीशिवाय तिसऱ्या अंकाचं शूटिंग करून आणलं आहे.

ऋतिकाचे वडील मुंबईच्या कोणा माणसाच्या बंगल्यावर राखणदार आहेत, तिथला खांबांचा व्हरांडा म्हणजे वीरसेनाचा राजवाडा. मालक वर्षातून चार वेळा येतात आणि त्यांनी फोनवर हो म्हटलं. राजवाडा छान दिसतो. फक्त राजा दुःखाने वळतो तेव्हा मागे निळा पोहण्याचा तलाव आहे आणि 'लहान मुलांनी एकटे उतरू नये' अशी पाटी.

पण खरी मजा घोड्याची. ऋषिकेशचे वडील विठू माथेरानला पर्यटकांना घोड्यावरून फिरवतात. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी, म्हणून घोडा खाली गावात आणला होता. नाव बादशहा. राजाचा दूत घोडा फेकत येतो असा प्रसंग आहे. घोडा धावायला उत्तम, पण कोणी मोबाइल वर धरला की जागच्या जागी थांबतो आणि मान तिरकी करतो. आयुष्यभर लोकांनी त्याच्याबरोबर फोटो काढलेत, त्याला तेच काम माहीत. मुलांनी सतरा वेळा प्रयत्न केला. सतराही वेळा बादशहा उभा. शेवटी त्यांनी संवाद बदलून दूताला म्हणायला लावलं, 'महाराज, घोडा दमला म्हनून मीच धावत आलो.'

नाटककाराच्या संवादात बदल करायचा नसतो, असं मी पाटीवर लिहिलं. पण हसू आवरलं नाही आणि डॉक्टरांनी हसण्यालाही मनाई केलीय की नाही ते मी विचारलेलं नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर

सहा आठवडे पूर्ण. गाठी लहान झाल्यात. थोडं, हळू बोलायला परवानगी. वाचन आणि गाणं अजून बंदच.

पहिला शब्द कोणता बोलायचा ते मी महिनाभर ठरवत होते. राणीचं पाचव्या अंकातलं पहिलं वाक्य म्हणणार होते. प्रत्यक्षात म्हणाले, "अहो, दूध." उतू गेलं होतं. हे गॅस बंद करून तिथेच उभे राहिले आणि म्हणाले, पुन्हा म्हण. दूध म्हटलं. मग टीव्हीचा आवाज त्यांनी आपणहून कमी केला.

बुधवार, २४ सप्टेंबर

अधिकाऱ्यांची भेट पुढे ढकलली. आता चौदा नोव्हेंबर. बरंच झालं, कारण चौथा अंक अडलाय.

चौथ्या अंकात आश्रमात मुलीचं लग्न आहे आणि तिथे मोठं पद आहे. आजवर मी म्हणत आले. मूळ चाल कोणाला माहीत नाही, हर्षलाने इंटरनेटवर शोध शोध शोधलं. आज मुलांनी परस्पर तोडगा काढला, की पदाच्या जागी सोनुबाई गाईल.

सोनुबाई आमच्या शाळेत लहान वर्गांची खिचडी शिजवते. मला हे माहीत नव्हतं की ती धवलारीण आहे. इकडच्या आगरी लग्नात धवलारीण लागतेच. ती धवले गात एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावते, तिच्याशिवाय हळद लागत नाही. सोळा वर्षं मी तिच्या हातचा चहा पितेय आणि हे मला नववीतल्या पोरांकडून कळावं.

मी सांगितलं की हे संगीत नाटक आहे, त्याला एक परंपरा आहे, त्यात धवला कसा बसेल. माझं बोलणं हळू, त्यामुळे पोहोचलं नसावं. मुलं स्वयंपाकाच्या शेडकडे निघूनही गेली होती.

तिकडे सोनुबाईनेच नकार दिला. मी दारात उभी राहून ऐकलं. ती खिचडीचा डाव पुसत मुलांना म्हणाली, "लगीन नाय तर धवला कसा गाऊ रं? देवांना नावानं बोलवायचं. गावदेवी येल, डोंगरावरचा येल, दर्याचा येल. आले आन् मांडवच नाय, मग त्यांना सांगू काय, शूटिंग हाय?"

मला आधी बरं वाटलं, माझ्या बाजूचं कोणीतरी निघालं. पण मग वाटलं, मी सत्तावीस वर्षं ते पद म्हटलं, कोण येईल कोण नाही याचा एकदाही विचार न करता.

शेवटी ऋतिकानेच विचारलं, तुळशीचं लग्न चालेल का. सोनुबाईने डाव खाली ठेवला आणि म्हणाली, ते लगीनच हाय गं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळेच्या अंगणात आज तुळशीचं लग्न लागलं. मांडव उसाचा, तुळस कुंडीतली, नवरदेवाच्या बाजूने कमलेश, नवरीच्या बाजूने हर्षला. ऋषिकेशने फोन एका बांबूला बांधला होता.

सोनुबाई नवं लुगडं नेसून आली. तिने आधी दिवा लावला, नारळ ठेवला, तांदळाचा चौक काढला, आणि मग डोळे मिटून सुरू झाली. आवाज मोठा नाही, चिरकाच म्हणावा लागेल. पण एकेक नाव घेऊन बोलवायला लागली तशी पोरं आपोआप सरकून जागा करायला लागली, जणू खरंच कोणी येऊन बसतंय. मला रडू आलं. का ते सांगता येत नाही. माझ्या लग्नाला लाउडस्पीकर होता एवढंच आठवलं.

नंतर तिने मला विचारलं, बाई, कसं झालं. मी म्हटलं, सोनुबाई, मला एकदा समोर बसून शिकव. ती म्हणाली, आदी गळा बरा करा.

सोमवार, १० नोव्हेंबर

गाठी गेल्या. डॉक्टर म्हणाले, जवळजवळ नाहीतच. अर्धा तास वाचायला हरकत नाही.

घरी येताना रिक्षावाल्याला पत्ता सांगताना राजाचा आवाज काढला. त्याने आरशातून बघितलं. ठरलं, चार अंकांच्या चित्रफिती पॅनेलवर आणि पाचवा अंक शुक्रवारी अधिकाऱ्यांसमोर मी स्वतः वाचणार, सगळ्या आवाजांत. बघू दे कमलेशला, ग्रंथालय म्हणे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

वर्गात जाऊन सांगितलं, पाचवा अंक मी वाचते. आवाज लागला होता. राजा तर असा झाला की बाहेर शिपाई थांबला. शेवटची ओळ संपली आणि वर्गात अगदी शांतता. मग ऋतिका म्हणाली, "छान वाचलंत, बाई." आणि तिने पुस्तक दप्तरात ठेवून चेन लावली. ऋषिकेशला हलवून सांगावं लागलं की तास संपला.

घरी येऊन भाजी निवडता निवडता हे हलवून सांगणं आठवत राहिलं. ही वही मागे उलटली. बारा ऑगस्टचं पान. 'मुलं अगदी तल्लीन झाली होती.'

ते पान दोनदा वाचलं. मग पर्समधला अठरा चुकांचा कागद काढला. त्यात तेरा वेळा 'नाय' लिहिलंय. बावीस ऑगस्टला त्या मुलीने अख्खी राणी उभी केली होती, आणि मी काय मोजत बसले होते. आठवीत त्या पोरीला मी सात वेळा सगळ्यांसमोर थांबवलं, आणि तिला लाजरी म्हणत आले.

फार वाईट वाटतंय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

वर्गात गेले आणि खुर्चीवर न बसता दारातच उभी राहिले. म्हटलं, काल माझी चूक झाली, पाचवा अंक तुमचा आहे. आणि ऋतिका, आठवीत मी तुला वाचू दिलं नाही, तीसुद्धा माझी चूक. ती खाली बघत बाकावरचं काहीतरी नखाने खरवडत राहिली.

मग मी विचारलं, मला एखादं काम आहे का. हे विचारायला मला नळी घालून घेण्यापेक्षा जास्त धीर लागला.

त्यांनी आपसांत डोकी जोडली. राजा ऋषिकेश, राणी ऋतिका, प्रधान, दासी, सगळं वाटून झालेलं होतं. शेवटी ऋतिका म्हणाली, "बाई, द्वारपाल ऱ्हायलाय. एकच वाक्य हाय म्हनून कोनाला नको हाय."

घेतलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

तालीम. द्वारपालाचं वाक्य असं: 'महाराज, दारी कोणी उभे आहे. नाव सांगत नाही, पण परतही जात नाही.' मी छाती काढून, दोन पावलं पुढे येऊन, भाला आपटून म्हटलं.

ऋषिकेश सिंहासनावरून उतरला. म्हणाला, बाई, तुमी राजा नाय. तुमाला आदी माझी भीती वाटली पायजे. आता याची भीती मी कुठून आणू. पण हळू म्हणून पाहिलं. तर मागच्या भिंतीशी उभी राहून ऋतिका म्हणाली, "शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येत नाय, बाई."

हे वाक्य माझं आहे. सत्तावीस वर्षांत किती जणांना म्हणाले असेन याचा हिशोब नाही. अकरा वेळा करून घेतलं पोरांनी. बाराव्या वेळी ऋतिका म्हणाली, चालंल.

घरी ह्यांना म्हणून दाखवलं. हे म्हणाले, कोण आलंय ते तरी सांग.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

झालं.

अधिकारी साडेअकराला आले. पॅनेलवर चार अंकांचे तुकडे लागले. पहिल्या अंकात माझा करोनातला आवाज आणि ऋषिकेशचे ओठ. अधिकारी कुकरच्या शिट्टीला हसले. पोहण्याच्या तलावाच्या पाटीला हसले, बादशहाने मान तिरकी केल्यावर तर चष्मा काढून पुसला. सोनुबाई गायला लागली तेव्हा हसले नाहीत. सोनुबाई स्वतः वर्गाच्या मागच्या भिंतीशी डाव घेऊन उभी होती आणि आपल्यालाच बघत होती.

मग पडदे उघडले आणि पाचवा अंक समोर, पॅनेलशिवाय. मी वर्गाच्या दाराशी चांदीचा कागद गुंडाळलेला बांबू धरून उभी. अधिकाऱ्यांनी कमलेशला हळूच विचारलं, नववीच्या बाई कुठे आहेत. कमलेशने माझ्याकडे बोट केलं. ते बघतच राहिले.

माझी वेळ आली. मुलांच्या बोलीत म्हणायचं ठरलं होतं. म्हणाले, "महाराज, दारात कोनी तरी उभं हाय. नाव सांगत नाय, पन परत बी जात नाय."

आणि ऋतिका माझ्या बाजूने आत गेली. जाताना तिने माझ्या हाताला जरासा हात लावला, ते संहितेत नाही. मग राणीचं ते लांब भाषण. मी ते सत्तावीस वर्षं म्हटलं आहे आणि आज पहिल्यांदा ऐकलं. राजाने तिला आवाजावरून कसं ओळखलं, ते आज मला पटलं.

अधिकाऱ्यांनी वहीत काय लिहिलं ते माहीत नाही. जाताना सोनुबाईकडे मात्र चहा मागून घेतला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळची शाळा सुटल्यावर कमलेशने ऑफिसात बोलावलं. शेरा उत्तम आहे, नववी तुमच्याकडेच. हर्षला तिथेच होती. ती म्हणाली, बाई, मला नववी नको, हे मी सरांना ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. तिला मी ज्येष्ठमधाबद्दल जे लिहिलंय ते कधी वाचायला देणार नाही.

ती गेल्यावर कमलेश टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला. मग म्हणाला, "बाई, मला नववीत तो द्वारपाल पाहिजे होता."

मला कळेना. तो म्हणाला, "राजाबिजा मोठी कामं, आपल्याला कोण देणार. पण ते एक वाक्य मला पाठ होतं. तुम्ही पाचव्या अंकाला आलात की दर वेळी वाटायचं, आता बाई थांबतील आणि म्हणतील, हे कोणीतरी वाचा. मी हात वर करायचा ठरवून बसायचो."

मी विचारलं, मग का नाही केलास.

तो म्हणाला, "तुम्ही इतकं छान वाचत होतात. मध्ये कुठे बोलणार."

मी उठले आणि ऑफिसच्या पार दुसऱ्या टोकाला, ढाल आणि चषक ठेवलेल्या कपाटाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, आता म्हण.

तो आधी हसला. दाराकडे बघितलं, बाहेर कोणी नव्हतं. मग चाळीस वर्षांचा तो माणूस खुर्ची मागे सरकवून उभा राहिला, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि म्हणाला. सगळं वाक्य, एकही शब्द न चुकता. आवाज मध्ये जरा फाटला.

मी म्हटलं, "ऐकू आलं. शेवटच्या बाकापर्यंत."

त्याने मान खाली घातली आणि बराच वेळ पेपरवेट शोधत राहिला. तो त्याच्या हातातच होता.

सोमवार, १७ नोव्हेंबर

डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात पुन्हा पाचवा अंक होणार. द्वारपाल कमलेश करणार, मुलांची परवानगी मी काढली. ऋतिका म्हणाली, सर चालतील, पन तालमीला येळेवर यायला सांगा.

सोनुबाईकडे दर बुधवारी दुपारी शिकायला बसणार आहे. पहिल्या दिवशी फक्त ऐकायचं, असं तिने बजावलंय.

संमेलनात मला पडदा ओढायचं काम दिलंय. उजवीकडची दोरी.